आठ दिवसांच्या बोलीवर आलेलं ग्राफिक्स कार्ड

कारकुनाच्या टेबलाचा ड्रॉवर कधीही उघडा, तळाशी टाचण्या सापडणारच. कुणी मुद्दाम ठेवलेल्या नसतात, आपोआप जमतात. किस्स्यांचंही तसंच आहे. जव्हारला अशोकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाते. मी तिथे काहीच करत नाही. सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढल्यामुळे ते मला उत्तम जमतं! पण नुसतं बसलं तरी किस्से साचतात, आणि फार साचले की भेटेल त्याला धरून सांगावे लागतात. आज तुमची पाळी.

आजचे सगळे किस्से एकाच खोक्यातले आहेत. त्या खोक्यात एक मदरबोर्ड आणि एक ग्राफिक्स कार्ड होतं. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली बैठक, सगळे येऊन तिच्यावर बसतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं तयार करणारा स्वतंत्र कारागीर. दोन्ही अगदी वरच्या दर्जाचे. असा माल जव्हारात यापूर्वी कुणी मागवलेला नव्हता.

मागवला होता यमुनेने. ही दाभोश्याजवळच्या एका पाड्यावरची मुलगी. सहा वर्षं ठाण्यात एका कंपनीत आहे. तिचं काम असं, की जी इमारत अजून बांधलेलीच नाही ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर बांधल्यासारखी हुबेहूब दाखवायची. हे काम आमच्या कचेरीत नुसत्या कागदावर होत असे, ग्राफिक्स कार्ड लागत नसे.

तिला आता पाड्यावर, घरी राहून काम करायचं होतं. कंपनीचे साहेब तयार झाले, पण एका अटीवर. ते ठरल्या दिवशी सकाळी दहा वाजता एका इमारतीची फाइल पाठवणार. ती यमुनेच्या घरच्या मशीनवर, घरच्या विजेवर, पाऊण तासात पूर्ण तयार व्हायला हवी. झाली तर घरी राहा. नाही झाली तर सोमवारी ठाण्याला हजर व्हा.

नाशिकच्या एका व्यापाऱ्याने जुना माल आठ दिवसांच्या बोलीवर दिला. पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत पाठवा. आणि साहेबांची परीक्षा नेमकी आठव्या दिवशी. मधले सात दिवस माल तपासायला.

* * *

खोकं नाशिकहून मोखाड्यापर्यंत बसने आलं आणि मोखाड्याहून जीपमध्ये चढलं. जीपवाल्याने टपावर टाकायला उचललं, तर खोक्यावर फुटक्या ग्लासाचं चित्र! मग त्याने ते पहिल्या प्रवाशाच्या मांडीवर ठेवलं आणि बजावलं, "हलवायचं नाही. महागाचं आहे."

तो प्रवासी वाटेत उतरला. उतरताना त्याने खोकं शेजारच्याच्या मांडीवर दिलं आणि तेच बजावलं. तो उतरला, पुढचा बसला. असं करत करत जव्हार येईपर्यंत खोकं पाच मांड्यांवरून आलं. शेवटच्या मांडीची मालकीण साखरशेतची एक बाई होती. अशोक स्टँडवर घ्यायला गेला, तर ती काही देईना.

"तुझाच कशावरून?"

"मावशी, वर माझ्या दुकानाचं नाव आहे."

"मना वाचता नाय येत. आत काय हाय, सांग."

अशोकने सांगितलं, मदरबोर्ड आहे, ग्राफिक्स कार्ड आहे. बाईने जीपमधल्या सगळ्यांकडे पाहिलं. बरोबर की चूक, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी जीपवाल्याने अशोकची ओळख पटवली, तेव्हा खोकं सुटलं. पण मावशी दुकानापर्यंत सोबत आल्या. खोकं उघडून, कार्ड बाहेर काढून, अशोकने दोन्ही बाजूंनी दाखवल्यावरच हलल्या.

"फुटला नाय ना? मंग झाला. मी निघते, माझी जीप गेली."

सरकारी टपालाची इतकी चोख पोचपावती मी पाहिलेली नाही.

* * *

अशोकने हे काम मुंबईच्या बाजारात, एका दुकानाच्या माळ्यावर बसून शिकलेलं आहे. त्यामुळे तो मालावर विश्वास ठेवतो, विकणाऱ्यावर नाही. त्याने नाशिकला फोन लावला.

"शेठ, कार्ड कुणी वापरलंय?"

"एका डॉक्टरीणबाईंच्या मुलाने. फक्त रविवारी."

"सब यही बोलते हैं," अशोकने फोन बाजूला धरून मला सांगितलं. जुनी मोटारही अशाच बाईंची असते म्हणे!

त्याने कार्डाचे स्क्रू काढले, पंखे सोडवले. आत धूळ बेताची होती, पण पंख्याच्या पात्याला दोन-तीन पांढरे केस गुंडाळलेले. अशोकचा चेहरा उजळला. चोरी सापडल्यावर ऑडिटरचा उजळतो तसा.

यमुनेसोबत आलेले तिचे वडील किसनबाबा शेजारी बसले होते. शेतकरी माणूस, बोलणं कमी. त्यांनी केस बोटावर घेतला, उजेडात धरला, हलकेच वास घेतला.

"मांजराचा हाय."

अशोकने पुन्हा फोन लावला. "शेठ, मांजर होतं का घरात?"

पलीकडे शेठने घसा खाकरला. मग आवाज आला, "होतं. कॉम्प्युटर गरम असतो ना, त्याच्याजवळ झोपायचं. पण त्याने काही बिघडत नाही हो!"

अशोक किंमत पाडण्याच्या बेतात होता. तेवढ्यात किसनबाबा उठलेच. "पोरी, घे हा माल. मांजर होता म्हंजे उंदीर लागला नाय."

* * *

बोर्ड, कार्ड आणि बाकी सगळं काचेच्या बाजूच्या कॅबिनेटमध्ये बसवलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

या महागड्या बोर्डांची एक गोष्ट मला फार आवडली. कोपऱ्यात दोन आकड्यांची छोटी खिडकी असते. काही बिनसलं की बोर्ड तिथे आकडा दाखवतो. बोर्डासोबतच्या पुस्तकात तो आकडा काढून पाहायचा, म्हणजे कुठे दुखतंय ते कळतं. माझ्या उभ्या नोकरीत इतका मुद्देसूद अर्जदार मला भेटला नाही.

अशोकने पुस्तक पाहिलं. "रॅम पकडत नाही."

यमुनेचं तोंड उतरलं. "म्हणजे बोर्ड गेला, अशोकदादा?"

"टेन्शन नही लेने का. हवेत ओल आहे, कॉन्टॅक्टवर धरली असेल." मग तो माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, खोडरबर आहे?"

आहे म्हणजे? खिशात पेन्सिल आणि खोडरबर असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. अशोकने रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हळूहळू घासल्या, फुंकर मारून परत बसवली. बटण दाबलं. आकडा गेला, पडदा उजळला!

नोकरीत मी खोडरबराने काय काय केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हे सांगण्यासारखं पहिलं.

* * *

आता या बोर्डाला आणि कार्डाला दिवे आहेत. लाल, निळे, जांभळे, एकामागून एक पळतात. कशासाठी, असं मी अशोकला विचारलं. तो म्हणाला, "स्पीड वाढत नाही. पण गिऱ्हाइकाला वाढल्यासारखा वाटतो."

तेवढ्यात पासपोर्ट फोटो काढायला एक आजी आत आल्या. मशीन पाहिलं, थांबल्या, पदर सावरून हात जोडले.

अशोकला कसंनुसं झालं. "आजी, तो देव नाही."

"देव नाय त कळते मना," आजी म्हणाल्या. "पण पोरीची सहा वर्सांची कमाई हाय ना त्याच्यात? ती सांगत व्हती मघा भायेर. म्हून जोडले."

अशोकने त्यांचा फोटो तीनदा काढला. चांगला येईपर्यंत.

* * *

चौथ्या दिवशी एक दोष सापडला, तोही किसनबाबांना. अशोक आणि मी पडद्यावरचे आकडे पाहत होतो. ते खाली वाकून काचेतून आत बघत होते.

"ह्यो वाकलाय."

खरंच वाकलं होतं. कार्ड विटेएवढं आणि वजनदार. एका कडेने बोर्डाच्या खाचेत अडकवलेलं, दुसरी कड अधांतरी. टोक चांगलं दोन सूत खाली आलेलं. असंच राहिलं तर बोर्डाची खाच फाटते. अशोक म्हणाला, त्याला खालून लावायचा स्टँड मिळतो, ऑनलाइन मागवतो, सहा दिवसांत येईल. सहा दिवसांत! आमच्याकडे चार उरले होते.

किसनबाबा बाहेर गेले. येताना हातात बांबूचा तुकडा. वेलाच्या मांडवाला टेकू देतात तसा कोयत्याने तासला, वर खोबण केली, दोनदा लावून पाहिला, केसभर आणखी तासला, आणि कार्डाखाली सरकवला. कार्ड सरळ! पट्टी लावून पाहा.

अशोकने मीटर घेऊन बांबू तपासला. "करंट पास होत नाही. धातूच्या स्टँडपेक्षा हा बरा." मग मोबाइलवर त्याचा फोटो काढून मुंबईच्या आपल्या गुरूला पाठवला. गुरूचं उत्तर अर्ध्या तासाने आलं, "कुठल्या कंपनीचा?"

अशोकने किसनबाबांना विचारलं, काय कळवू?

"सांग, मिळतो. पण हितं येऊन नेयाला लागल."

* * *

सहाव्या दिवशी मशीन पाड्यावर गेलं. सोबत अशोक आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं, पण तपासणी अर्धवट सोडून जायची मला सवय नाही. अर्धवट ठेवून बसून राहायची आहे.

मशीन मांडलं, अशोकने सगळ्यांना बजावलं, "ओल लागू देऊ नका. पावसाचे दिवस आहेत. ओल म्हणजे याचा दुश्मन." एवढं सांगून आम्ही यमुनेच्या काकांकडे मुक्कामाला गेलो.

सकाळी येऊन पाहतो, तर टेबल रिकामं!

"मशीन कुठंय?"

किसनबाबांनी वर बोट दाखवलं. चुलीच्या बरोबर वर माळा होता. तिथे बियाण्याचं भात ठेवलं होतं, नागलीची कणसं ठेवली होती, आणि मधोमध, दोन दोरांनी नीट बांधून, कॅबिनेट. खाली चूल पेटलेली. वर काचेवर धुराचा छान तपकिरी थर.

अशोक माळ्याखाली धावला. "बाबा! हे काय केलंत?"

"तूच बोलला ना, ओल लागू नको देऊ. आमच्यात जपायचा जिन्नस तिथंच ठेवतात. तिथं ठेवलेला बी आजवर कुजला नाय."

"अहो, पण हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकवाल्याच्या घरी चूल नसल."

यमुना हसावं की रडावं अशा चेहऱ्याने वडिलांकडे पाहत होती. मशीन खाली उतरवलं. अशोकने काच काढली, ब्रश फिरवला, नाकाजवळ नेऊन हुंगलं. धूर काचेवरच राहिला होता, आत जेमतेम वास. आणि जव्हारच्या दुकानात दर सकाळी कॅबिनेटच्या पत्र्यावर जो दमटपणा हाताला लागायचा, तो अजिबात नव्हता.

अशोकने पत्र्यावर पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, हे गिऱ्हाइकांना सांगू नका."

* * *

त्याच दिवशी, म्हणजे सातव्या, सकाळी पावणेनऊला रंगीत तालीम केली. यमुनेने कंपनीच्या फाइलीएवढीच मोठी फाइल लावली. कार्ड कामाला लागलं, पंखे घुमू लागले, पडद्यावर इमारतीचा मजल्यामागून मजला उभा राहू लागला. वीस मिनिटं झकास.

मग घरासमोरची पिठाची गिरणी सुरू झाली.

गिरणी बायकांच्या बचतगटाची. पाड्याला विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. गिरणीचा पट्टा फिरायला लागला तसा घरातला बल्ब पिवळा पडला. अशोकच्या मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा धापकन खाली आला. बॅटरीवरच्या यूपीएसने दोन मिनिटं किंचाळून पाहिलं आणि मान टाकली. इमारत, पंखे, दिवे, सगळं बंद.

अशोकने बोर्ड पाहिला, कार्ड पाहिलं, सगळं तपासलं. "मालात खोट नाही. शंभर टक्के पास. वीज नापास."

गिरणी रोज नऊ ते बारा चालते. त्यानंतर बायका शेतावर जातात, म्हणून तीच वेळ. साहेबांची परीक्षाही दहाला. यमुनेने साहेबांना फोन केला, दुपारी ठेवता येईल का? साहेब म्हणाले, ऑफिसचं काम ऑफिसच्या वेळेत झालं पाहिजे, तेच तर बघायचंय. त्यांचंही चूक नव्हतं.

मी म्हणालो, "गिरणीवाल्यांना सांगू या."

"नको, भाऊसाहेब," यमुना म्हणाली. "लोकांच्या घरात पीठ नसतं तेव्हा ते दळायला येतात. माझ्या कामासाठी त्यांना थांबा कसं म्हणू?"

किसनबाबांनीही मान हलवली. "दुसऱ्याचा दळण अडवायचा नसते."

एवढं बोलून यमुना आत गेली आणि ठाण्याची बॅग काढून तिच्यात कपडे भरायला लागली. घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

मला अशा वेळी एकच गोष्ट येते. मी अर्ज लिहिला.

बचतगटाच्या अध्यक्षा सखूबाई. गिरणीच्या ओट्यावर पीठ चाळत बसल्या होत्या. मी अर्ज पुढे केला. त्यांनी हात दाखवले, पिठाने भरलेले. "वाचा तुम्हीच."

मी वाचला. विषय, संदर्भ, महोदया, उपरोक्त विषयान्वये, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती वेळ बंद ठेवायची?"

"पाऊण तास."

"एवढाच सांगाया पान भरला?" त्या चाळण झटकत म्हणाल्या. "पोरीने का नाय सांगला?"

"तिला बरं वाटत नव्हतं, तुमचं दळण अडवायला."

सखूबाईंनी चाळण खाली ठेवली, यमुनेच्या घराकडे एकवार पाहिलं, पुन्हा उचलली. "बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? मी स्वतः तो आयुष्यभर वापरला. मी परत आलो आणि घरात कुणालाच काही बोललो नाही.

* * *

आठवा दिवस. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, गिरणी सुरू! अशोकने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. पावणेदहा झाले तरी पट्टा फिरतोच आहे. यमुनेची बॅग दाराजवळ भरून ठेवलेली.

दहाला पाच कमी असताना आवाज बंद झाला. मला वाटलं, पट्टा तुटला असेल.

दहाला साहेब पडद्यावर आले. गळ्यात पट्टीचं ओळखपत्र, मागे काचेचं ऑफिस. त्यांनी फाइल पाठवली, घड्याळ लावलं. यमुनेने बटण दाबलं. पहिला मजला उभा राहिला, दुसरा राहिला. बल्ब पांढराशुभ्र. मीटरवरचा आकडा जागचा हलेना. अशोकची नजर मीटरवर, किसनबाबांची कार्डावर, माझी घड्याळावर. विसाव्या मिनिटाला सगळ्यांनी श्वास धरला. पंचविसावं गेलं. तिसावं गेलं.

अडतिसाव्या मिनिटाला गच्ची झाली, गच्चीवर कुंड्या आल्या, कुंड्यांत झाडं आली, आणि इमारत पूर्ण.

"थर्टी-एट," साहेब म्हणाले. "व्हेरी गुड. मशीन ओके." ते समोरच्या फॉर्मवर काहीतरी लिहीत होते. "एकच कॉलम राहिलाय, यमुना. हा भरल्याशिवाय मला अप्रूव्हल देता येणार नाही. वीज कमी पडली तर काही व्यवस्था आहे का? पॉवर बॅकअप?"

अशोकने यूपीएसकडे पाहिलं. दोन मिनिटांचा यूपीएस. त्याने मान खाली घातली.

"आहे, सर," यमुना म्हणाली.

"किती वेळ चालतो?"

यमुनेने दाराबाहेर पाहिलं. आम्हीही पाहिलं. काम झालं हे सांगायला घरातून कुणीच बाहेर गेलं नव्हतं. गिरणीच्या ओट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या दगडांवर वीस-बावीस बायका बसल्या होत्या. मांडीवर नागलीच्या पिशव्या, डोक्यावर पदर, बारीक पाऊस लागलेला. एकही बोलत नव्हती. बोलण्यानेही वीज कमी होते की काय, अशी शंका असावी! सखूबाईंनी यमुनेला पाहिलं आणि आवाज अगदी हळू करून विचारलं,

"अजून किती गं, पोरी? सांग तू. आम्ही हाव हितंच."

यमुना पडद्याकडे वळली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेवढा वेळ."